शिपाई

मराठी भाषेतील काही शब्दांना जे वाईट दिवस आले, त्यांत ‘शिपाई’ हा शब्द मोडतो. मूळचा हा फार्सी शब्द. सिपाह म्हणजे फौज, आणि फौजेत असतो तो सिपाही. इंग्रजांनी तो उचलून आपल्या भाषेत नेला. १८५७ साली जे घडले त्यास आपल्याकडेही पुष्कळ काळ ‘शिपायांचे बंड’ असेच म्हणत. पुढे मात्र हा शब्द हळूहळू कचेरीच्या दाराशी येऊन एका स्टुलावर बसला. आज सुशिक्षित घरात कोणी ‘शिपाई’ म्हटले तर डोळ्यांपुढे बंदूक येत नाही. चहाचे पेले येतात, नाही तर फायलींचा गठ्ठा येतो. सैन्यात मात्र साध्या सैनिकाचे नाव अद्यापि तेच आहे. सरहद्दीवर उभा असलेला तोही शिपाई, आणि घंटा वाजविली की आत येतो तोही शिपाई. दोघांतले साम्य म्हटले तर इतकेच, की दोघांनाही वरच्यास ‘साहेब’ म्हणावे लागते.

हा विचार आम्हांस आपणहून सुचावा असे काही कारण नव्हते. गेली पंचवीसएक वर्षे आम्ही पुण्यातील एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवितो. लष्कराशी आमचा संबंध म्हणजे खडकीच्या रस्त्याने जाताना दिसणाऱ्या लांबच लांब भिंती, इतकाच. परंतु आमच्या विभागाचे जे शिपाई, ज्यांस प्राचार्यांपासून नव्या विद्यार्थ्यांपर्यंत सारे ‘मामा’ म्हणतात, त्यांचा मुलगा मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होता. बाप महाविद्यालयाचा शिपाई आणि मुलगा सैन्यातला शिपाई, ह्यावर आमच्या अध्यापक-कक्षात एकदा थोडा विनोदही झाला होता. तो आम्हीच केला होता, हे येथे सांगून टाकलेले बरे.

२०२१ सालच्या पावसाळ्याची अखेर होती. महासाथीने बंद पडलेले वर्ग अजून पुरते भरू लागले नव्हते. मामा एके दिवशी दाराशी घुटमळले आणि म्हणाले, “सर, पोरगं रजेवर आलंय. आफिसरच्या परीक्षेला बसायचं म्हणतंय. इंग्रजीचं जरा बघाल का?” आम्ही मान वर केली. शिपायास अधिकारी होता येते, ही गोष्टच आम्हांस ठाऊक नव्हती. अधिकारी म्हणजे खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून निघालेले, पालकांच्या मोटारीतून सुटीला घरी येणारे तरुण, अशी आमची समजूत. आम्ही म्हणालो, “पाठवा संध्याकाळी.”

मुलगा आला. उंची बेताची, केस अगदी बारीक कापलेले, आणि बसावयास सांगितल्यावाचून खुर्चीवर बसणार नाही अशी उभे राहण्याची रीत. त्यानेच आम्हांस सारा मार्ग समजावून दिला. बारावी उत्तीर्ण झालेल्या, किमान २ वर्षे नोकरी केलेल्या आणि वयाने २० ते २७ च्या दरम्यान असलेल्या शिपायास आर्मी कॅडेट कॉलेजच्या परीक्षेस बसता येते. आधी लेखी परीक्षा. तीत उतरला तर निवड मंडळापुढे ५ दिवसांची कसोटी. मग वैद्यकीय तपासणी. त्यानंतर डेहराडूनला ३ वर्षे शिक्षण, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी, आणि आणखी १ वर्ष इंडियन मिलिटरी अकॅडमीत. म्हणजे शिपायाचा लेफ्टनंट व्हावयास एकंदर ४ वर्षे. ज्यांचे वय उलटून गेले, पण पस्तिशीच्या आत आहे, त्यांच्यासाठी ‘स्पेशल कमिशन्ड ऑफिसर’ म्हणून निराळी वाट आहे. त्याहूनही वयस्क आणि दीर्घकाळ सेवा केलेल्यांसाठी ‘स्पेशल लिस्ट’ नावाची तिसरी वाट आहे. शिवाय निवृत्तीच्या तोंडाशी आलेल्या काही सुभेदारांस प्रजासत्ताकदिनी वा स्वातंत्र्यदिनी मानाचे लेफ्टनंटपद किंवा कॅप्टनपद मिळते. पण ती वाट नव्हे, तो निरोपाचा अहेर. हे सारे त्याने पाठ केल्यासारखे सांगितले आणि शेवटी म्हणाला, “सर, बाकी होईल. इंग्रजीचं भ्या वाटतं.”

आम्ही पडलो पुस्तकी मनुष्य. विद्यार्थी घरी येऊ लागला की त्याच्या विषयाचे वाचन आम्ही आधी स्वतःच करू लागतो. वाचू लागलो तेव्हा आढळले की, हा दरवाजा फार जुना नाही, आणि तो सहज उघडलेलाही नाही. इंग्रजांच्या अमदानीत हिंदी मनुष्यास फार तर सुभेदार-मेजर होता येई. तीस वर्षे नोकरी झालेला, छातीवर पदके मिरविणारा सुभेदार, आदल्याच महिन्यात विलायतेहून आलेल्या कोवळ्या लेफ्टनंटाच्या हुकमतीखाली उभा राही. १९१८ नंतर सँडहर्स्टचा दरवाजा दर वर्षी दहा हिंदी तरुणांपुरता किलकिला झाला. शिपायांतून अधिकारी निवडावयाचे तर त्यांस आधी शिकविले पाहिजे, हे ध्यानात येऊन १९२९ साली बुंदेलखंडात नौगाव येथे किचनेर कॉलेजचा पाया घातला गेला. १९६० साली त्याचेच आर्मी कॅडेट कॉलेज झाले आणि पुढे ते आमच्या पुण्यात आले. १९७७ पर्यंत ते येथे होते; मग डेहराडूनला गेले. ज्या गावात आम्ही शिकलो आणि शिकवितो त्याच गावात कित्येक वर्षे शिपायांस शिकविणारे कॉलेज नांदत होते, आणि आम्हांस त्याची वार्ता नव्हती.

डेहराडूनची अकॅडमी १९३२ साली उघडली. तिच्या पहिल्या तुकडीत ४० तरुण होते: १५ खुल्या परीक्षेतून आलेले, १५ सैन्यातील शिपायांतून निवडलेले, आणि १० संस्थानी फौजांतले. त्या तुकडीतून पुढे तीन देशांचे सेनापती निघाले. भारताचे माणेकशॉ, पाकिस्तानचे मुहम्मद मूसा आणि ब्रह्मदेशाचे स्मिथ डन. ह्यांपैकी माणेकशॉ तेवढे परीक्षेने आले होते. इतर दोघे शिपायांतून वर आलेले होते. आणि तुकडीतील सर्वोत्तम म्हणून मानाची तलवार मिळाली ती स्मिथ डन ह्यांस. ही हकिकत वाचून आम्ही ती मोठ्या उत्साहाने त्या मुलास सांगितली. तो नीट ऐकून घेऊन म्हणाला, “मग त्यांना इंग्रजी येत असणार, सर.”

त्याचा रोख बरोबर होता. इंग्रजांच्या स्वतःच्या सैन्यात १८७१ पर्यंत अधिकारपद रोख पैसे मोजून विकत घेता येई. ती प्रथा बंद झाल्यावर ६ वर्षांनी, १८७७ साली, लिंकनशरमधील एका खेड्यातील शिंप्याचा मुलगा साधा सैनिक म्हणून भरती झाला. विल्यम रॉबर्टसन त्याचे नाव. त्यास अधिकारपद मिळाले १८८८ साली. पण इंग्लंडातल्या घोडदळात नुसत्या पगारावर अधिकाऱ्याचे भागत नसे, घरचे उत्पन्न लागे. म्हणून त्याने पगार जास्त आणि खर्च कमी अशा हिंदुस्थानात बदली स्वीकारली, आणि येथे एकामागून एक देशी भाषा शिकून त्यांच्या परीक्षा दिल्या. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिश सैन्याचा मुख्य झाला, आणि १९२० साली फील्ड मार्शल. साध्या सैनिकाच्या पायरीपासून त्या पदापर्यंत पोहोचलेला ब्रिटिश सैन्यातील तो एकटाच. तरी त्याच्या उच्चारांत गरीब घरची खूण अखेरपर्यंत राहिली. शब्दारंभीचा ‘ह’ तो गाळीत असे, असे त्याचे समकालीन सांगत. त्याच्या उच्चारांस हसणारे पुष्कळ होते, पण त्याच्या आज्ञा कोणास कळल्या नाहीत असे झाले नाही. धनाचा उंबरठा कायद्याने काढता येतो. भाषेचा उंबरठा कोणत्याही कायद्यात लिहिलेला नसतो. म्हणून तो काढावयाचा कोणी, हेही ठरलेले नसते.

आमच्या शिकवणीचे आता सांगितले पाहिजे. निवड मंडळापुढे चित्र दाखवून गोष्ट लिहावयास सांगतात. एकामागून एक ६० शब्द दाखवितात आणि प्रत्येक शब्द पाहून पंधरा सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहावयाचे असते. फळ्या, दोर आणि पिंपे देऊन गटाने अडथळे ओलांडावयास लावतात. मुलाखत तर असतेच. सर्वांच्या छातीवर नुसता क्रमांक असतो. कोण कोठून आला हे अंगरख्यावरून दिसत नाही. हे ऐकून आम्ही आमच्या परीने तयारी करून दिली. नेतृत्वावर एक उतारा, धैर्यावर एक, देशापुढील प्रश्नांवर तीन, आणि मुलाखतीत संभवणाऱ्या चाळीस प्रश्नांची सुबक इंग्रजी उत्तरे. मुलाने ती सारी सैनिकी शिस्तीने मुखोद्गत केली. शेवटच्या संध्याकाळी त्याने आमच्यापुढे ती म्हणून दाखविली, तेव्हा एकही उपपद चुकले नाही. आम्हांस फार समाधान वाटले.

लेखी परीक्षेत तो उत्तीर्ण झाला, आणि मंडळापुढे नापास. मंडळ नापासाची कारणे सांगत नाही. तो पुढच्या रजेवर आला तेव्हा आम्ही विचारले, मुलाखतीत काय झाले? तो म्हणाला, “साहेबांनी विचारलं, तू कधी लोकांना पुढं होऊन नेलंस का? मी तुमचा नेतृत्वाचा उतारा म्हटला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला, सर. मग दुसरा प्रश्न विचारला.”

ह्यावर आम्ही काय बोलणार? आम्ही गप्प राहिलो. मामाही त्या दिवशी मुलाबरोबर आले होते. नेहमीप्रमाणे दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. आमच्या पत्नीने चहा आणला आणि बोलणे दुसरीकडे न्यावे म्हणून मामांस त्यांच्या गावाकडचे विचारले. गाव कृष्णाकाठचे. २०१९ च्या ऑगस्टात सांगली आणि कोल्हापूरकडे जो महापूर आला, त्यात गावात पाणी शिरले होते, आणि मुलगा तेव्हा योगायोगाने रजेवर घरीच होता. तिने त्यास विचारले, “तू होतास ना तेव्हा? कसे काढले रे लोकांना?”

तो सांगू लागला. मराठीत, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मराठीत. होडी नव्हती. गुऱ्हाळाची काहील आणली. ज्या काहिलीत उसाचा रस कढवितात ती सपाट लोखंडी कढई पाण्यावर तरते, पण एका जागी राहत नाही, गरगरते. म्हणून देवळाच्या दीपमाळेपासून शाळेच्या माडीपर्यंत दोर बांधला. काहील दोराला धरून सरकविली. एका खेपेस चारच माणसे घेतली. आधी बायका आणि तान्ही मुले काढली, मग म्हातारी माणसे. एक आजोबा म्हशी सोडून निघेनात. त्यांना सांगितले, आधी तुमच्या म्हशींची दावी कापतो, मग तुम्हाला नेतो. कापली. मग ते बसले.

आम्ही विचारले, “दोर कोणी बांधला?”

“बांधला सगळ्यांनी, सर.”

“चारच माणसे घ्यावयाची, हे कोणी ठरविले?”

“ते ठरलं तसं.”

चौकटीतून मामा म्हणाले, “ठरतंय कसलं? ह्यानंच ठरवलं. एका खेपेला सात जण चढाय लागले तर ह्यानं सरपंचाला खाली उतरवला.”

मुलगा खाली मान घालून हसला.

त्या रात्री आम्हांस बराच वेळ झोप आली नाही. व्याकरण शिकविण्यात आयुष्य गेले, आणि डोळ्यांपुढची गोष्ट दिसली नाही. मराठीत ‘दोर बांधला’, ‘काहील आणली’ ही वाक्ये पूर्ण आहेत. क्रियापद दोरामागे जाते, काहिलीमागे जाते. बांधणारा आणि आणणारा बाहेर राहिला तरी वाक्यास उणेपणा येत नाही. इंग्रजीत तसे चालत नाही. तेथे वाक्याच्या तोंडाशीच कोणी तरी उभे राहून सांगावे लागते, की हे मी केले. ह्या मुलाच्या साऱ्या हकिकतीत ‘मी’ एकदाही आला नव्हता. हा केवळ त्याचा विनय नव्हता आणि केवळ भाषेचा गुणही नव्हता. पाच वर्षे सैन्याने त्यास हेच शिकविले होते की, तू एकटा काही नाहीस. तुकडी आहे म्हणून तू आहेस. तो धडा त्याने इतका नीट गिरविला होता की, मंडळाने ‘तू काय केलेस’ असे विचारल्यावर त्याच्याजवळ आमच्या उताऱ्यावाचून दुसरे उत्तरच उरले नव्हते.

मंडळाचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. अधिकाऱ्यापाशी ‘मी’ हवाच. तो बढाईसाठी नव्हे. हुकूम चुकला तर ‘तो मी दिला होता’ असे म्हणणारा कोणी तरी असावा म्हणून. शिपायाचेही चुकले नाही. ‘आम्ही’ म्हणणाऱ्यांच्याच बळावर पलटण उभी असते. चुकले ते ह्या दोहोंच्या मध्ये जे दुभाषे बसले होते त्यांचे. आणि ते दुभाषे आम्ही होतो. जो मनुष्य प्रत्यक्ष पुरात लोकांपुढे उभा राहिला, त्यास आम्ही नेतृत्वावर उतारा लिहून दिला. त्याचे स्वतःचे सोने त्याच्या पदरी तसेच राहू दिले आणि आमची गिलिटाची नाणी त्यास बाजारात मोडावयास दिली.

आणखीही एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती अधिक लाजिरवाणी. हा लेख आरंभापासून आम्ही ‘आम्ही’ म्हणून लिहीत आहो. ही लेखकांची जुनी रीत आहे आणि ती आमच्या हाडी खिळली आहे. परंतु आमच्या ह्या ‘आम्ही’त आमच्यावाचून दुसरे कोणी नाही. एकटा मनुष्य आपल्या मागे न दिसणारा लवाजमा उभा करून बोलतो, तसे ते आहे. त्या मुलाच्या ‘आम्ही’त काहील ढकलणारे, दोर धरणारे, कंबरभर पाण्यात उभे राहिलेले असे साऱ्या गावचे लोक होते. त्यास ‘मी’ म्हणणे जड जात होते, आणि आम्हांस तो शब्द जड जाण्याचे काही कारण नसता आम्ही तो टाळीत आलो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही उतारे बंद केले. रोज संध्याकाळी त्याने स्वतः केलेली एक गोष्ट सांगावयाची. आधी मराठीत, कर्त्यासकट, आणि मग लहान लहान इंग्रजी वाक्यांत. पहिले वाक्य होते, ‘मी दोर बांधला.’ इंग्रजीत ती चार शब्दांची गोष्ट. त्यास ते म्हणावयास दोन संध्याकाळी लागल्या. तो म्हणे, “पण सर, मी एकट्यानं नाही बांधला. खोटं कसं सांगू?” आम्ही विचारले, “मग तू काय केलेस?” तो बराच वेळ विचार करून म्हणाला, “मी चौघांना धरायला सांगितलं, आणि गाठ मी मारली.” आम्ही म्हणालो, “एवढेच सांग.” इंग्रजी सोपेच राहिले, उपपदे पुष्कळदा चुकली. पण आता चुकलेल्या वाक्यातही तो स्वतः उभा असे.

ह्याच सुमारास आम्ही त्यास रामा राघोबा राणे ह्यांची हकिकत सांगितली, आणि ती सांगताना आमच्या शब्दांस जरा जपलो. राणे कारवारकडचे. १९४० साली ते साधे सैनिक म्हणून बॉम्बे एंजिनिअर्समध्ये, म्हणजे आमच्या खडकीच्या त्याच भिंतींमागच्या पलटणीत, भरती झाले. ब्रह्मदेशच्या लढाईत त्यांस बढती मिळाली, आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांस सेकंड लेफ्टनंट करण्यात आले. त्यानंतर चार महिनेही झाले नव्हते. ८ ते ११ एप्रिल १९४८ ह्या दिवसांत नौशेऱ्याहून राजौरीकडे रणगाड्यांस वाट करून देण्यासाठी त्यांनी शत्रूच्या माऱ्याखाली रस्त्यातले सुरुंग आणि आडवे पाडलेले वृक्ष दूर केले. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांनी त्यांच्या तुकडीतले दोघे ठार झाले आणि पाच जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते, आणि तरी ते मागे फिरले नाहीत. परमवीरचक्र हयातीत मिळालेले ते पहिले. मुलाने ऐकून घेतले आणि इतकेच विचारले, “त्या दोघांची नावं कुठं मिळतील, सर?” आमच्याजवळ ती नव्हती.

दुसऱ्या खेपेस मंडळाने त्यास निवडले. २०२३ मध्ये तो डेहराडूनला गेला. जाण्यापूर्वी भेटावयास आला तेव्हा म्हणाला की, पलटणीतल्या सोबत्यांनी आतापासूनच ‘साहेब’ म्हणून चिडवावयास आरंभ केला आहे. हे सांगताना तो हसला, पण पुरता हसला नाही. ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवलो ते उद्या सलाम करतील, आणि तो सलाम घ्यावा लागेल, हे त्यास उमजले होते. तो सलाम घ्यावयास शिकविणे आमच्या आवाक्यातले नव्हते.

बातमी कळली त्या दिवशी आमच्या अध्यापक-कक्षात पेढे वाटले गेले. मामा चहा घेऊन आले तेव्हा एकजण उठून म्हणाले, “मामा, बसा. आता तुम्ही साहेबांचे वडील!” आणि त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. त्या खोलीत मामांची बावीस वर्षे गेली होती, आणि खुर्ची पुढे करावयाची कोणास सुचले ते त्या दिवशी. मुलगा सरहद्दीवर शिपाई होता तेव्हा ती कोणी पुढे केली नव्हती. आम्हीही केली नव्हती. मामा खुर्चीवर बसले नाहीत. कपबशा गोळा करून आमच्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, “सर, त्याच्या पलटणीतलाच एक पोरगा हाय. सव्वीसावं चालू हाय, एकच डाव उरलाय. रजेवर आलाय. पाठवू का संध्याकाळी?”

तो मुलगा संध्याकाळी आला आणि बसा म्हणेपर्यंत उभाच राहिला. आम्ही मामांसाठी खुर्ची ओढली, आणि थोड्या आग्रहानंतर मामा बसले. मग त्या मुलास आम्ही म्हणालो, “इंग्रजी राहू दे. आजवर तू केलेली एखादी गोष्ट सांग.”

तो म्हणाला, “सर, बर्फात गाडी अडकली होती. ती काढली.”

आम्ही विचारले, “कोणी?”